गिरणीतला नृसिंह

नृसिंह खांबातून बाहेर आला तेव्हा तो हळू आवाजात बोलला असेल, असं मानणारी माणसं आमच्या देवासात आहेत, हे मला माझ्या धाकट्या भावाच्या अल्बममुळे कळलं. तो फारच हळू बोलला म्हणून थेट माझ्या दारात येऊन निषेध करणारी माणसं धारमध्ये आहेत, हेही त्याच अल्बममुळे कळलं. दोन्ही पक्षांना मी पोहे खाऊ घातले. यापलीकडे माझा या प्रकरणात काही दोष नाही.

मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की शब्द कळले पाहिजेत.

माझा भाऊ उमाशंकर धारला राहतो, विम्याच्या कचेरीत नोकरी करतो, पन्नाशीला टेकला आहे आणि थ्रॅश मेटल गातो. 'गातो' हे क्रियापद मी बहीण म्हणून वापरते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भजनाच्या शेवटी लय वाढत वाढत जाते, टाळकरी उभे राहतात, मृदंगवाल्याची पगडी सुटते, तो अखेरचा क्षण असतो ना? थ्रॅश मेटल तिथून सुरू होतं. मग लय वाढवतात.

त्यांच्या बँडचं नाव 'लाट'. पाण्याची नव्हे, माळव्यात समुद्र कुठला? धारला लोखंडाचा एक अजस्र जुना खांब तुकडे होऊन पडलेला आहे, त्याला तिकडे लाट म्हणतात. त्यावरून हे नाव. बँडमध्ये तिघं. उमा गातो आणि जाड तारांची गिटार वाजवतो. पातळ तारांची, म्हणजे खरी गिटार वाजवतो संताजी. हा उमाचा पहिलीपासूनचा मित्र. त्याच्या घराण्याला धारच्या दरबारात मान होता. आता दरबार राहिला नाही, म्हणून मान त्याने स्वतःकडे ठेवून घेतला आहे. ड्रमवर मारुती. त्याची धारजवळच्या तिरल्याला पिठाची गिरणी आहे आणि बँडचा सराव तिथेच चालतो. गहू संपला की संगीत. तिघंही काळे शर्ट घालून आत जातात आणि पांढरे होऊन बाहेर येतात. कॉलेज सुटल्यापासून हे चालू आहे. इतक्या वर्षांत त्यांचे चाहते किती जमले? एका टेम्पोत मावतील एवढे. हे अलंकारिक नाही, ते खरोखर एकाच टेम्पोतून येतात.

तर एका रविवारी उमा माझ्याकडे देवासला आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "अक्का, हे ऐक. इंदूरच्या स्टुडिओत अल्बम करतोय. तिथली रेकॉर्डिंगवाली मुलगी म्हणते, ज्याला आपलं संगीत आवडत नाही अशा माणसाला ऐकवा."

"आणि तुला मी आठवले."

"तू प्रामाणिक आहेस."

मी ऐकलं. डोळे मिटून, मांडी घालून, कीर्तनाला बसावं तशी बसून ऐकलं. शेजारच्या मधुवंतीबाई कुंपणावरून ओरडल्या, "विद्युल्लताबाई, मिक्सर अडकलाय का? बटण बंद करून उलटा करा!" मी त्यांना हातानेच थांबवलं.

"कशावर आहे रे गाणं?" मी विचारलं.

"अन्यायावर."

"कोणाच्या?"

उमा जरा घुटमळला. "सर्वसाधारण."

आता माझी एक अडचण आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून मी एकही कीर्तन चुकवलेलं नाही. पाठ दुखो, पाहुणे येवोत, बुवा उभे राहिले की मी पुढे हजर. त्यामुळे कोणी तोंड उघडून काही सांगत असला आणि ते मला कळलं नाही, तर माझा जीव तुटतो. मी उमाला म्हटलं, "बाबा रे, आमच्या कीर्तनात शेवटच्या रांगेत बसणाऱ्या, कानाने अधू असलेल्या भवानीबाईंना शब्द कळला पाहिजे. नाहीतर तू खांबावर डोकं आपटून काय उपयोग? आधी पूर्वरंग मांड, एकच विचार, शांतपणे. मग क्षणभर थांब. मग उत्तररंगात कथा लाव. आणि सर्वसाधारण अन्याय कोणी ऐकत नाही. एक राक्षस घे."

"राक्षस?"

"हिरण्यकशिपू घे. तुमचं नावच खांबाचं आहे. खांब फुटतो, आतून नृसिंह येतो. तो काय तंबोऱ्यावर येईल? तुमच्यासारखाच येणार तो, ओरडत."

उमा माझ्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच घरातल्या कोणीतरी त्याच्या ओरडण्याला शास्त्राधार दिला होता. तो चहा न पिता उठला आणि इंदूरला गेला.

पुढच्या आठवड्यात मीही इंदूरला गेले, कारण तो 'हिरण्यकश्यप' म्हणत होता आणि ते मला फोनवर सहन होईना. स्टुडिओ म्हणजे चहूबाजूंनी गादी ठोकलेली खोली. रेकॉर्डिंगवाली अपेक्षा, तिशीच्या आतली, अत्यंत गुणी मुलगी. मी म्हटलं, "शब्द वर आले पाहिजेत." तिने एक दांडी सरकवली. शब्द वर आले. इतक्या सहज जर शब्द वर येत असतील तर बुवांनी उगाच छातीचे भाते का करावेत, हा विचार मनात येऊन गेला. मग ती म्हणाली, "आत्याबाई, अजून एक. संताजीकाकांच्या गिटारमागे सतत घरघर आहे. ती काढू?"

"काढ की," मी म्हटलं. "घसा साफ करूनच गातात."

ही घरघर म्हणजे गिरणीच्या मोटारीची होती. वर्षानुवर्षं तिरल्याच्या गिरणीत राहून ती त्या गिटारमध्ये मुरली होती. अपेक्षाने ती काढली. गिटार एकदम स्वच्छ, चकचकीत, सणाला घासलेल्या समईसारखी वाजू लागली. संताजी मागे बसला होता.  त्याने नुसत्या मिशा सारख्या केल्या आणि उठून निघून गेला. त्या घराण्यात मिशा सारख्या करणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

अल्बमचं नाव मीच सुचवलं, 'उत्तररंग'. आयुष्याचा पूर्वरंग तर गिरणीत गेलाच होता.

आणि तो अल्बम गाजला. हो, गाजला. उमा रोज फोन करून सांगायचा. फिनलंड नावाच्या थंड देशातल्या कोणी लिहिलं की या बँडला म्हातारपणी सूर सापडला. बंगळुरूच्या मोठ्या महोत्सवाने विचारणा केली. देवासच्या व्यायामशाळांमध्ये मुलं नृसिंहावर वजनं उचलू लागली. उमाच्या कचेरीत साहेबांनी त्याला प्रथमच खुर्ची दिली. मी देवापुढे साखर ठेवली.

मग टेम्पो आला.

माझ्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि त्यातून काळे शर्ट उतरले. पुढे रणवीर नावाचा, चाळिशीचा, दाढीवाला. धारला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने आधी वाकून नमस्कार केला, मग निषेध सुरू केला.

"मौसीजी, आपने हमारी लाट पे पॉलिश मार दी."

"बसा तर खरं," मी म्हटलं.

"बैठने नहीं आए हैं." सगळे बसले. "पहले गाना सुनते थे तो दाँत हिलते थे. अब? अब मेरी मम्मी सुन रही है! कहती है बेटा, वो प्रह्लाद वाला लगा. मैं मुँह दिखाने लायक नहीं रहा."

"तुझ्या आईला आवडलं, हे वाईट झालं?"

"भोत बुरा हुआ, मौसीजी!"

मी पोहे आणले. वर शेव, जिरावन मसाला, लिंबू. बाकीचे खाऊ लागले. रणवीर तत्त्वाला धरून बसला होता, पण जिरावनाचा वास तत्त्वापेक्षा लांब जातो. दुसऱ्या बशीनंतर त्याने मोबाइल काढून मला एक चित्र दाखवलं. ते त्यांच्या चाहत्यांमध्ये फिरत होतं. चित्रात मी होते. माझ्या हातात तुपाचा डबा होता आणि मी ते तूप संताजीच्या गिटारवर ओतत होते.

मी ते चित्र नीट पाहिलं. तुपाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांनी मला नऊवारी नेसवली होती, आणि तीही कासोट्याचं टोक पुढे आणून. मी जन्मात पाचवारीशिवाय नेसलेले नाही. फिनलंडपर्यंत हे चित्र गेलं असेल, तर तिथल्या लोकांचा आपल्याबद्दल काय समज होईल? मी रणवीरला तसं बजावलं. त्याने गंभीरपणे दुरुस्ती करवून घेण्याचं आश्वासन दिलं. निषेध तेवढ्यापुरता यशस्वी झाला.

जाताना मात्र तो हळूच म्हणाला, "मौसीजी, हमारी छोड़ो. संताजी भिया ने गिटार रख दी है."

मी उमाला फोन लावला. आधी तो म्हणाला, "काही नाही." मग म्हणाला, "अक्का, तो माझ्याशी बोलत नाही. महिना झाला. दारासमोरून जातो, मान वळवतो. बंगळुरूवाल्यांना तिघांचा प्रत्यक्ष वाजवतानाचा व्हिडिओ हवाय, त्यावर निवड. पण ते जाऊ दे. अक्का, पहिलीत त्याने माझ्या डब्यातली पोळी हिसकावून घेतली होती, तेव्हापासून एवढा वेळ आम्ही कधी न भांडता राहिलो नाही."

उमाचा आवाज फोनवर अगदी स्पष्ट येत होता. एकेक शब्द कळत होता. मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसने धारला गेले. संताजीने उठून स्वागत केलं, पाणी दिलं, बर्फी दिली. त्या घरात रागावलेला माणूसही पाहुणचारात उणं ठेवत नाही, त्यामुळे राग किती आहे याचा अंदाज येत नाही.

"संताजी, काय चाललंय हे?"

"अक्कासाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे."

"ते सोड. उमाशी बोलत का नाहीस?"

"त्याने विचारायला हवं होतं. माझी गिटार, त्याने आंघोळ घालून, पावडर लावून बसवली. ती घरघर माझी होती."

"गिरणीची होती रे."

"माझीच." त्याने मिशा सारख्या केल्या. "त्या अल्बमसाठी मी स्टेजवर पाय ठेवणार नाही. आणि तो अल्बम मी ऐकलेलाही नाही. ऐकणारही नाही. बर्फी घ्या ना."

मी सांगून पाहिलं की घरघर मी काढायला लावली, उमाने नव्हे. "तुम्ही मोठ्या आहात," तो म्हणाला. "तुमच्यावर रागावता येत नाही. म्हणून त्याच्यावर." मी बर्फी खाऊन परत आले.

बसमध्ये मी ठरवलं. जागा मी देणार. कार्यक्रम आमच्या देवासच्या राममंदिराच्या सभागृहात, नृसिंह जयंतीला. व्हिडिओ तिथेच होईल. मंदिरात बोलावलं तर संताजी नाही म्हणणार नाही, निदान श्रोता म्हणून तरी येईल. पुढचं नृसिंह बघेल.

सभागृहाच्या अध्यक्षा इंदिराबाई. वय ऐंशीच्या पुढे, माहेर-सासर दोन्हीकडून देवासच्या थोरल्या पातीच्या दरबाराशी संबंध. देवासला एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त ती विलीन झाली, हे इंदिराबाईंना मान्य नाही. मी त्यांना सांगितलं, नृसिंहावताराचं आख्यान आहे, धारचे कलाकार आहेत, वाद्यं जरा मोठी आहेत.

"धाकट्या पातीचे नाहीत ना?"

"नाही."

"मग होऊ दे."

राहिली लाउडस्पीकरची परवानगी. खिडकीमागच्या बाबूंनी विचारलं, "कार्यक्रम कौन-सा? धार्मिक, वैवाहिक, राजनीतिक?"

मी म्हटलं, "थ्रॅश मेटल."

"मैडम, चौथा खाना नहीं है. इसमें नाचते हैं?"

"हो, डोकं हलवून."

"तो वैवाहिक."

"लग्न नाहीये पण. खांब फुटतो, राजाला फाडतात."

"तो राजनीतिक."

"देव फाडतो हो!"

"ये पहले बोलना था," असं म्हणून त्यांनी धार्मिकचा शिक्का मारला. मग सभागृहाच्या फाटकावरच्या फळ्यावर मी आमच्या रीतीप्रमाणे, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'श्रीनृसिंहावतार आख्यान. बुवा: उमाशंकर, धार. साथ: मारुती. श्रोत्यांनी वेळेवर यावे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. फळ्यावर कीर्तन सोडून दुसरं कधी लागलेलंच नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

मधुवंतीबाईंनी बुवांच्या घशासाठी ज्येष्ठमध पाठवला. उमाने तो खाल्ला आणि आदल्या दिवशी त्याला स्वतःचा आवाज गोड वाटू लागला. त्याची पाचावर धारण बसली. मग लाल मिरच्यांचा ठेचा खाऊन त्याने आवाज पूर्ववत केला.

जयंतीच्या संध्याकाळी सभागृह भरलं. पुढे सतरंजीवर आमचं कीर्तनाचं मंडळ, वाती वळत. मागे टेम्पोतले काळे शर्ट. रणवीर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मौसीजी, बुरा मत मानना. आधे गाने में हम सब उठकर निकल जाएँगे. विरोध है. वीडियो में दिखना चाहिए." आणि त्यांच्यात, भिंतीला टेकून, पांढऱ्या कुडत्यात संताजी. तोही टेम्पोतून आला होता. उमाने त्याला पाहिलं आणि खाली बघून तारा जुळवत राहिला. तारा जुळलेल्याच होत्या.

स्टेजवर उमा, ड्रमवर मारुती आणि एका टेबलावर अपेक्षाचा लॅपटॉप, ज्यातून संताजीची घासलेली गिटार वाजणार होती. मारुतीने संताजीची खरी गिटार गिरणीतून आणून खुर्चीवर ठेवली होती. "ती तिथे एकटी काय करणार?" एवढंच तो म्हणाला. तिच्यावर पिठाची साय होती.

कार्यक्रम सुरू झाला.

भिंतीवरच्या संतांच्या तसबिरी तिरक्या झाल्या. मी मागे वळून पाहिलं. भवानीबाईंनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि समाधानाने माझ्याकडे बघून मान डोलावली. पुढच्या रांगेतल्या बायकांचे हात वातींवर थांबले होते. पण कोणी उठलं नाही, आणि उठणार नव्हतंच. कारण आमच्यात एकदा आख्यान लागलं की आरती होईपर्यंत उठायचं नाही. बुवा कसेही असोत. मागे एका बुवांनी सीतास्वयंवर पहाटेपर्यंत लांबवलं होतं, तेव्हाही कोणी उठलं नव्हतं, बुवांचीच बस चुकली. तशा त्या बसल्या. दुसऱ्या गाण्याला एकीने अंदाजाने टाळ्या धरल्या. 'फोड खांब, फोड खांब' हे शब्द लखलखीत कळत होते. इंदिराबाई मला म्हणाल्या, "बुवा तापट आहेत, पण मुद्द्याला धरून आहेत."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर काळे शर्ट एकदम उभे राहिले. छान दिसत होतं. अपेक्षाने कॅमेरा तिकडे वळवलासुद्धा.

इंदिराबाईंनी मान वळवली. "कुठे?"

रणवीर म्हणाला, "अम्माजी, हमारा विरोध..."

"आरती से पहले?"

"अम्माजी, वो, पॉलिश..."

"नृसिंह अभी खंभे में है. उसको वहीं छोड़ के जाओगे?"

दारापाशी भवानीबाई मांडी घालून बसल्या होत्या. त्यांना ओलांडल्याशिवाय वाट नव्हती आणि देवासात भवानीबाईंना ओलांडणारा अजून जन्मायचा आहे. काळे शर्ट खाली बसले. निषेध म्हणून त्यांनी हाताची घडी घातली. शेजारणीने एकेकाच्या हातात कापूस दिला आणि वाती वळायला सांगितल्या. संताजी उभाच होता. त्याच्याकडे बघून इंदिराबाई एवढंच म्हणाल्या, "आपण तरी रीत जाणता." तो बसला.

पूर्वरंग संपला. उमाने मी सांगितलं होतं तसं क्षणभर थांबून नामगजर लावला. आता हा क्षण म्हणजे माझा. पूर्वरंगानंतर बुवांना हार आणि बुक्का, आणि मग साथीदारांना, ही रीत. मी तबक घेऊन स्टेजवर चढले. उमाला हार घातला, बुक्का लावला, आणि तो बुवांच्या जागी उभा होता म्हणून धाकटा असूनही वाकून नमस्कार केला. त्याचे डोळे भरले, ठेच्यामुळे असेल. मारुतीला हार घातला. तबकात तिसरा हार उरला होता. तो मी साथीदाराचा म्हणून आणला होता.

मी गिटारकडे पाहिलं. ती नुसती खुर्चीवर होती. वाजला होता तो लॅपटॉप. आमच्यात मान वाजवणाऱ्याचा, बसलेल्याचा नाही. मी मनाशी विचार केला, वस्तू झाली म्हणून काय झालं, दसऱ्याला आपण विळी-कोयत्याला पूजतो. मी लॅपटॉपला हार घातला. त्याच्या कपाळाला, म्हणजे जिथे कपाळ असावं तिथे, भरपूर बुक्का लावला.

"आत्याबाई, नको!" अपेक्षा ओरडली. पण माळणीने हार ताजा राहावा म्हणून पाण्यात बुचकळून दिला होता. लॅपटॉपमधून मोगऱ्याचा वास आला, मग दुसरा वास आला, मग पडदा काळा झाला.

मारुतीचे हात हवेत थांबले. उमा माझ्याकडे बघत होता. बंगळुरूचा कॅमेरा चालू होता. आमच्या मंडळाला मात्र काहीच नवल वाटलं नाही. बुवा अडले की श्रोत्यांनी नाम धरायचं असतं, म्हणजे त्यांना दम घेता येतो. पुढच्या रांगेने 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं. वाती वळता वळता काळे शर्टही त्यात शिरले. मी तबक धरून उभी होते. भावाचं आयुष्यभराचं काम मी मोगऱ्यात बुडवलं होतं, आणि चित्रातलं ते तूप बरं होतं असं मला वाटू लागलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अक्कासाहेब!"

संताजी उठला होता. भवानीबाईंच्या दिशेने नव्हे, स्टेजच्या. नामगजर चालू असताना तो मधल्या वाटेने आला. मिशा सारख्या करायलाही तो थांबला नाही.

"माझ्या जागी डबा?" तो म्हणाला. "माझा हार तुम्ही डब्याला घातलात?"

"तो वाजला म्हणून..."

"काढा तो."

मी काढला. त्याने डोकं पुढे केलं. मी तो ओला, जळका वास येणारा हार त्याला घातला. मग त्याने खुर्चीवरची गिटार उचलली, कुडत्याच्या बाहीने पीठ पुसलं, स्पीकरची वायर जोडली. आणि सभागृहात ती घरघर पसरली. तिरल्याची गिरणी सुरू झाल्यासारखी. मागच्या रांगेतून कापूस उडाला. रणवीर किंचाळला, "आ गई! भिया, आ गई!" इंदिराबाईंनी त्याला बसवलं.

उत्तररंग लागला. दात हलले, माझा वरचा तर अजून हलतो. पण मी ऐकत होते शब्द. संताजी विजेसारखा वाजवत होता, आणि उमाच्या तोंडून शब्द निघाला की त्याचा हात दबायचा. बरोबर तिथेच. शब्द संपला की पुन्हा उसळायचा. जिथे अपेक्षाने क्षणभर शांतता ठेवली होती, तिथे तो थांबला. जिथे खांब तडकतो तिथे अल्बममध्ये एक नवा तुकडा घातला होता. स्टुडिओत संताजी उठून गेल्यावर घातलेला. तोही त्याने न चुकता वाजवला. उमाने गाता गाता त्याच्याकडे पाहिलं. नृसिंहाने राजाला मांडीवर घेतलं, फाडला, आणि शेवटच्या रांगेत भवानीबाईंनी हात जोडले.

आरती झाली. सगळे उठायच्या आत उमा त्याच्याकडे वळला.

"तो तुकडा तुला कसा ठाऊक?"

"कुठला?"

"खांबाचा. तू नव्हतास तेव्हा."

"गाडीत कुठे तरी लागला होता."

"रेडिओवर येत नाही रे ते!"

"मग दुकानात ऐकला असेल."

"पूर्ण अल्बम पाठ आहे तुला, चोरा! शांततासुद्धा पाठ आहेत!"

"पाठ आहे कारण चुका मोजत होतो तुझ्या. चौथ्या गाण्यात तुझा सूर तिरल्याला आणि गाणं धरमपुरीला. आणि घरघर काढतोस? विचारलंस?"

"महिनाभर तोंड दाखवलं नाहीस, विचारू कुणाला? भिंतीला?"

"भिंतीने नाही म्हटलं असतं!"

आवाज चढत गेला. बायका प्रसादासाठी रांगेत थांबल्या होत्या, त्यांना वाटलं आख्यानाचा काही भाग राहिला आहे, म्हणून त्या परत बसल्या. अपेक्षा लॅपटॉप उलटा करून त्यातली मोगऱ्याची पाकळी काढत होती. तिने मला हळूच विचारलं, "आत्याबाई, हे थांबवू का? कॅमेरा चालू आहे."

मी सुंठवड्याचं ताट घेऊन त्या दोघांच्या मधे उभी होते. उमाचा आवाज फाटला होता, संताजीचाही. दोघं एकदम बोलत होते आणि एकही शब्द कळत नव्हता.

"राहू दे," मी म्हटलं. "सुंदर चाललंय."